भाऊ व्हायचंय? मग आधी फ्लेक्सवाल्याशी ओळख वाढव

भावा, दहावी कशीबशी निघाली, आयटीआयचा फॉर्म भरायचा राहून गेला आणि गल्लीतली बारकी पोरं तुला अजून नावानं हाक मारतात. हे चालायचं नाही. सोलापुरात राहायचं तर माणसाची वट पाहिजे. पाणी चार दिवसांआड आलं तरी भागवता येतं, हवा मात्र रोज लागते.

सुरुवात नावापासून कर. पाळण्यातलं नाव आजपासून फक्त आधार कार्डापुरतं. बाहेर तू दादा, शेठ किंवा थेट मालक. अण्णा व्हायचा विचार असेल तर आधी शहराच्या तेलुगू भाषकांच्या पूर्व भागात चक्कर मारून ये. तिथं घरटी दोन अण्णा असतात, तुला नंबर लागायचा नाही. इन्स्टाच्या नावात 'किंग' आणि 'एमएच १३' हे दोन्ही आलंच पाहिजे. राज्य कुठलं आणि किती, हे कुणी विचारत नाही. आरटीओचा नंबर कळला की हद्द कळली.

पोशाखाला पैसे लागतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. या शहरात दूरदूरच्या शाळांचे गणवेश शिवून जातात, पण भाऊंचा गणवेश ज्याचा त्यानं जमवायचा असतो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट मामाचा, गॉगल मित्राचा, गळ्यात एक ग्रॅमवाली जाड चेन. रीलमध्ये कॅरेट दिसत नाही. दाढीला कडेनं ब्लेडची रेघ मारून घे, कपाळावर टिळा, हातात कडं. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला तरी वरचं काळं जॅकेट उतरवायचं नाही. घाम आला तर कॅमेऱ्यात तो तेज म्हणून दिसतो. आणि गॉगल रात्रीसुद्धा. रात्री तर हमखास.

भाषेचं ओझं घेऊ नकोस, दोन-चार वाक्यांत आयुष्य निघतं. परीक्षेत नापास झालास? विषय हार्ड. मित्राचा साखरपुडा झाला? विषय हार्ड. बिर्याणीत मीठ जास्त पडलं? तोच विषय, तेवढाच हार्ड. कुणी फोटो टाकला की खाली 'जाळ अन् धूर संगटच', आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याच्यासाठी स्टेटसला 'नाद करायचा नाय'. नाव लिहू नकोस. गल्लीतल्या प्रत्येकाला ते आपल्यालाच आहे असं वाटलं पाहिजे. दहशत ती हीच. 'का बे' हे रिक्षावाल्यापासून जिगरी दोस्तापर्यंत सगळ्यांना चालतं. घरात वडिलांसमोर तेवढं निघू देऊ नकोस, कारण बुलेटचा हप्ता त्यांच्या खात्यातून जातो.

हो, बुलेट. स्वतःची नसली तरी चालेल, पण सायलेन्सर बदललेला हवा. विजापूर रोडवरून गेलास की सात रस्ता चौकाला कळलं पाहिजे. पोलीस असले सायलेन्सर काढून घेतात आणि रोडरोलरखाली घालतात, ही थोडी अडचण आहे. मोठी अडचण नंबरप्लेटची झाली. पूर्वी ४१४१ घेतला की पेंटर त्यातून झकास 'दादा' काढून द्यायचा. आता सरकारनं सगळ्यांना एकाच साच्याची हाय सिक्युरिटी पाटी लावायला सांगितली. एका दमात कितीतरी दादा नुसते आकडे होऊन बसले. या अन्यायावर एकाही भाऊंनी मोर्चा काढला नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

रीलसाठी भुईकोट किल्ला उत्तम. मागं सात-आठ पोरं, पुढं तू, चाल संथ. नजर लांब कुठंतरी, जणू पलीकडून फौज येतेय. पलीकडून शेंगावाला येत असतो, त्याला आधीच बाजूला उभं राहायला सांग. संध्याकाळचं शूटिंग सिद्धेश्वर तलावाच्या काठाला. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की पाळण्यात बसून रील करायचा मोह होईल, तो टाळ. वरून खाली येताना भाऊंचा चेहरा कसा होतो ते जगाला दिसता कामा नये.

आता वाढदिवस. बाकी सगळं वर्ष या एका रात्रीची तयारी असते. फ्लेक्सवर सगळ्यात वर देव आणि महापुरुष, त्याखाली ज्यांना तू ओळखतोस पण जे तुला ओळखत नाहीत असे नेते, मध्ये तू, आणि तळाला तिकिटाएवढी साठ तोंडं. त्यातलं एकही वगळू नकोस. एक शुभेच्छुक विसरलास तर पुढच्या वर्षी त्याच चौकात त्याचा वेगळा गट उभा राहतो. परवानगीचं टेन्शन घेऊ नकोस. मालमत्ता विद्रूपणाचा कायदा १९९५ चा आहे, म्हणजे तुझ्यापेक्षा वयानं मोठा. मोठ्यांचं ऐकायची सवय तुला कुठं आहे?

नावाखाली 'भावी नगरसेवक' घालायला विसरू नकोस. मार्च २०२२ नंतर काही वर्षं महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडं होता. भावी नगरसेवकांचा तुटवडा मात्र शहराला एक दिवस जाणवला नाही.

केक तलवारीनंच कापायचा. सुरीनं कापतात ते घरातले वाढदिवस. विनापरवाना तलवार जवळ बाळगली तर शस्त्र अधिनियमाखाली, म्हणजे पोरांच्या भाषेत 'चार पंचवीस'खाली, गुन्हा दाखल होतो. ते गृहीत धरूनच चाल. कारण खरी करामत पुढं आहे. पहिल्या रीलमध्ये भाऊ तलवार नाचवतात. दुसऱ्या रीलमध्ये तेच भाऊ पोलीस ठाण्यात हात जोडून, मान खाली घालून सांगतात, 'माझ्याकडून चूक झाली, असं कुणी करू नये.' माझं निरीक्षण असं की दुसरी रील पहिलीपेक्षा जास्त चालते. म्हणून माफी आधी आरशासमोर म्हणून ठेव. तोंडपाठ असली की आवाज कापत नाही. आणि त्या दिवशी गॉगल घरी ठेव, तिथं तो काढायला लावतात.

रात्री दहानंतर डीजे लावायचा नाही, असा नियम आहे. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. तुझ्या बुलेटला ती दिवसासुद्धा पाळता येत नाही, तेव्हा डीजेवाल्याला कशाला दोष द्यायचा?

फ्लेक्ससाठी जागा शोधताना चार हुतात्मा पुतळ्यांच्या आसपासही बघ, गर्दीचा चौक आहे. १९३० च्या मे महिन्यात इथल्या माणसांनी असं काही केलं की इंग्रजांना शहरात मार्शल लॉ पुकारावा लागला. त्यापायी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. चौघांचेही वाढदिवस चौकात झाले नाहीत, नावापुढं 'किंग' नव्हतं, फॉलोअर तर मोजायचीच सोय नव्हती. त्यामुळं त्यांचं उदाहरण तुझ्या काही उपयोगाचं नाही. तू फक्त फ्लेक्सची मागची दोरी कुठं बांधता येईल तेवढं बघ.

हे सगळं साधारण चोविसाव्या वर्षापर्यंत चालतं. मग घरचे एके दिवशी विचारतात आणि 'विषय हार्ड' म्हणून सुटका होत नाही. त्या वेळी पुण्याला जायचं असतं, कुठल्यातरी कंपनीत, जिथं सुपरवायझर तुला पुन्हा पाळण्यातल्या नावानं हाक मारेल. घाबरू नकोस. अकाउंट चालू ठेव, हिंजवडीच्या फुटपाथवर संथ चाल आणि खाली 'सोलापूरचा वाघ पुण्यात'. गल्लीतली पोरं खाली आगीच्या इमोजी टाकतील. शनिवारी रात्री घरी ये, पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवलेला असेल, रविवारभर भाऊ राहा. सोमवारी पहाटे निघायला हुतात्मा एक्स्प्रेस आहे, पण तिला गर्दी फार असते. तिकीट आधीच काढून ठेव, ऐन वेळी टीसीला 'ओळखलं का बे' म्हणून सीट मिळत नाही.