‘आधी एक खड्डा खणून दाखवा’ म्हणणाऱ्यांना

नमस्कार. पर्यायी वनीकरणावरच्या, म्हणजे प्रकल्पांसाठी गेलेल्या जंगलाच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावण्यावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “कॅगचा आकडा २०१३ चा आहे. त्यानंतर कायदा आला, ई-ग्रीन वॉच आहे, आता ग्रीन क्रेडिटही आलं. घरबसल्या लिहिणाऱ्यांनी आधी एक खड्डा खणून दाखवावा.”

आकड्याचं आधी. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल २०१३ चाच आहे आणि या वनीकरणाच्या निधीचा कॅम्पा कायदा २०१६ चा. साल लिहायचं राहिलं, ही माझी चूक. लेखात दुरुस्ती केली आहे. पण २००६ ते २०१२ या काळात १ लाख ३ हजार हेक्टरांहून जास्त बिगरवनजमीन मिळायला हवी होती, मिळाली २८ हजार आणि झाडं लागली जेमतेम ७,२८१ हेक्टरांवर. नंतर कायदा आला म्हणून तेव्हा न लागलेलं जंगल उगवून येत नाही.

खड्ड्याचं वाक्य मात्र जिव्हारी लागलं. माझे वडील रोजंदारीवर वनमजूर होते. मे महिन्यात आम्ही भावंडं रोपवाटिकेत माती, रेती, शेणखत कालवून पिशव्या भरायचो. मग पावसाआधी दीड फुटाचे खड्डे. मुरमात पहार आपटली की झिणझिण्या कोपरापर्यंत जायच्या. वडिलांच्या तळहाताचे घट्टे शेवटपर्यंत गेले नाहीत. तेव्हा खड्डा कसा खणतात हे मला शिकवू नका. माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं तर विचारायचं होतं. न विचारता माणसाची लायकी काढायची, ही कुठली रीत? वर स्वतःचं नावही लिहायचं नाही!

राबणाऱ्या वनरक्षकांविरुद्ध मी एक अक्षर लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा. माझा प्रश्न हिशेबाचा आहे. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका वनीकरणाच्या जागेवर गेलो होतो. फलकावर हेक्टर, रोपांची संख्या, साल, सगळं ठळक रंगवलेलं. फलकामागे गिरिपुष्प या परदेशी झाडाची एक ओळ, पुढे नुसती कोरडी आळी आणि त्यांत वाळक्या काटक्या. ज्याच्या बदल्यात हे लावलं, ते रान मोह, धावडा, अंजनाचं होतं. किती रोपं जगली, हे कार्यालयात विचारलं तर म्हणाले अर्ज करा. माहिती अधिकारात अर्ज केला. उत्तरात लागवडीचा आकडा आला, जगलेल्या रोपांचा रकाना कोरा.

ई-ग्रीन वॉच हे वनीकरणाच्या नोंदींचं सरकारी संकेतस्थळ आहे म्हणून गावकऱ्याला हिशेब मिळतो असं नाही, एवढंच त्यावर बोलतो. ग्रीन क्रेडिटवर, म्हणजे झाडं लावण्यासारख्या कामाच्या बदल्यात क्रेडिट देणाऱ्या सरकारी योजनेवर, वेगळं लिहीन. ग्रेट निकोबार बेटाचं १३० चौरस किलोमीटर वर्षावन प्रकल्पासाठी वळवायचं आणि भरपाई हरियाणात करायची, असं ठरतं तेव्हा निकोबारच्या माणसानं ती रोपं मोजायला जायचं कसं? याचं उत्तर तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही.

तुमच्याकडे एखाद्या जागेचा, पाच वर्षांनी जगलेल्या रोपांचा, गट नंबरासह आकडा असेल तर इथेच टाका. मी स्वतः जाऊन बघेन आणि खरा निघाला तर तुमच्या नावानिशी लेखात घालीन.