हिवाळ्यात घर विकू नका म्हणे! मुंबईत हिशोब उलटा आहे

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी परवा मोबाईल माझ्यापुढे धरला. "हे वाच. मी आता पाडव्यापर्यंत काही करत नाही." लेकीजवळ पुण्याला राहायला जायचं म्हणून त्या दिवाळीपासून फ्लॅट विकायच्या मागे होत्या. एका मेसेजने सगळं थांबलं. तोच मेसेज मला आठवड्याभरात आणखी तीन ग्रुपवर दिसला. त्यात चार गोष्टी आहेत. पौषात कोणी घर घेत नाही. थंडीत घर अंधारं आणि मरगळलेलं दिसतं. एप्रिलमध्ये रेडी रेकनर (सरकारने ठरवलेले जागांचे दर) वाढला की आपोआप भाव जास्त मिळतो. आणि विकायचंच असेल तर ओलीच्या डागांवर रंग मारून घ्या, पाऊस नसल्यामुळे कोणाला कळत नाही.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा मी नऊ वर्षं सचिव आहे. फ्लॅट एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर होताना लागणारे कागद माझ्या हातून जातात. त्यावरून सांगतो, पहिल्या तीन गोष्टी चुकीच्या आहेत आणि चौथी सरळसरळ फसवणूक आहे.

आधी पौष. पौषात गृहप्रवेश टाळतात हे खरं, आणि टोकनसुद्धा न देणारी घरं आहेत. त्यांच्या श्रद्धेला माझा आक्षेप नाही. पण घर विकणं म्हणजे एका दिवसाचं काम नव्हे. घर बघणं, भाव ठरणं, टोकन, कराराचा मसुदा, बँकेच्या वकिलाची तपासणी, बँकेच्या माणसाची घराला भेट, मुद्रांक शुल्क, नोंदणी, कर्जाचा चेक आणि शेवटी चावी. खरेदीदार कर्ज काढणार असेल तर याला दोन-तीन महिने सहज जातात. म्हणजे ज्याला पाडव्याला नव्या घरात कलश ठेवायचा आहे, त्याला घर डिसेंबर-जानेवारीतच बघावं लागतं. तुम्ही पाडव्याला विकायला काढलंत, तर चावी द्यायची वेळ येईपर्यंत पाऊस दाराशी आलेला असतो आणि शाळाही सुरू होत असतात.

शिवाय मुंबईत घर घेणारे सगळे एकच पंचांग बघत नाहीत. गुजराती मंडळींचा कमुरता, म्हणजे शुभकार्यं टाळायचा काळ, संक्रांतीला संपतो. तमिळ कुटुंबांचा तसाच मार्गळी महिनाही तेव्हाच संपतो आणि पोंगलपासून त्यांची शुभकार्यं सुरू होतात. आपला पौष त्यानंतर काही दिवस रेंगाळतो इतकंच. बांद्र्याच्या किंवा वसईच्या ख्रिस्ती कुटुंबाला यातलं काहीच अडवत नाही. ज्यांना पौष पाळायचा आहे त्यांनी पौषात घर बघावं, कागद वकिलाला दाखवावेत आणि रथसप्तमीला टोकन द्यावं. आमच्याच इमारतीत असं झालेलं आहे.

अंधाऱ्या घराचा मुद्दा तर बर्फ पडणाऱ्या देशातून उचलून आणल्यासारखा वाटतो. मुंबईत जानेवारीत पहाटेचं तापमान साधारण सोळा-सतरा अंशांवर येतं आणि हवा वर्षभरात सगळ्यात कोरडी असते. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून भर दुपारीही ऊन थेट खोलीत पडतं. मेच्या मध्यावर तोच सूर्य मुंबईत बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा खिडकीवरचा छज्जा दुपारचं सगळं ऊन अडवतो. फक्त डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, म्हणून ऑफिस सुटल्यावर घर दाखवू नका. रविवारी अकरा ते चारच्या दरम्यान बोलवा. एक अडचण मात्र खरी आहे: हिवाळ्यात वारा मंद असतो आणि बांधकामांची धूळ हवेतच राहते. खिडकीच्या पट्ट्या, जाळ्या, पंख्याची पाती त्याच दिवशी सकाळी पुसून घ्या. घर उत्तरेचं असेल तर दिवे लावा आणि ऊन येत नाही हे सांगून टाका.

आता रेडी रेकनर. हा सरकारचा तक्ता आहे, बाजारभाव नाही. करारातली किंमत आणि तक्त्यातली किंमत यांपैकी जी जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क बसतं. मुंबईत ६ टक्के, खरेदीदार स्त्री असेल तर ५. तक्ता वाढला म्हणून विकणाऱ्याला एक रुपयाही जास्त मिळत नाही. २०२५च्या १ एप्रिलला मुंबईत सरासरी ३.३९ टक्के वाढ झाली, पण त्यामुळे कोणा खरेदीदाराने देऊ केलेला भाव तेवढा वाढवला असं मी पाहिलं नाही. उलट जुन्या इमारतीतला फ्लॅट तक्त्यापेक्षा कमी भावात जात असेल, तर वाढीनंतर खरेदीदाराचा खर्च वाढतो. आणि फरक दहा टक्क्यांच्या पुढे गेला, तर आयकर खातं तक्त्यातली किंमतच तुमची विक्री किंमत धरतं. न मिळालेल्या पैशावर कर! वाढ होईल या भीतीने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नोंदणी कार्यालयात जी झुंबड उडते, ती खरेदीदारांची असते.

चौथ्या मुद्द्याचा मला मनापासून राग आहे. ओलीवर पुट्टी आणि रंग मारला की भिंत चार महिने छान दिसते. जुलैत फुगे येतात, पोपडे सुटतात, लोणा बाहेर पडतो, आणि तोवर आयुष्यभराची बचत ओतून कोणीतरी तिथे राहायला आलेलं असतं. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. रंगाखालची ओल अगदी त्यातच बसते.

खरं म्हणजे ओल काढायची असेल तर हाच ऋतू आहे. पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईतून जातो, डिसेंबरपर्यंत भिंत बरीच सुकते आणि पिवळ्या कडांचा डाग स्पष्ट दिसतो. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. बाहेरच्या भिंतीची चीर किंवा गच्ची असेल तर दुरुस्ती सोसायटीची. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नियमावलीत) तसं स्पष्ट आहे, लेखी अर्ज द्या. वरच्या घरातला नहाणी ट्रॅप (न्हाणीघरातलं पाणी वाहून जायची जाळी) गळत असेल तर तो खर्च त्या सभासदाचा. परांची बांधून बाहेरचं प्लास्टर करायचं काम पावसात होत नाही, आता होतं. आतला रंग सगळ्यात शेवटी. आणि दुरुस्तीची पावती जपून ठेवा, घर बघायला आलेल्याला दाखवा. "इथे गळत होतं, हे काम केलं" असं सांगणाऱ्या माणसाच्या बाकीच्या बोलण्यावरही लोक विश्वास ठेवतात.

मेसेजमध्ये कागदांचा शब्दही नाही, आणि व्यवहार अडतात ते तिथेच. शेअर सर्टिफिकेट, मागचे सगळे मूळ करारनामे, इंडेक्स टू (नोंदणी झाल्याचा सरकारी उतारा), भोगवटा प्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचं पत्र. सोसायटी हस्तांतरणासाठी प्रीमियम मागेल, पण महापालिका हद्दीत त्याची मर्यादा २५,००० रुपये आहे. देणगीच्या नावाने त्यावर मागणी झाली तर देऊ नका, हे मी सचिव असून सांगतो.

काकूंची अडचण याहून वेगळी आहे. काका गेल्यावर नॉमिनी म्हणून सोसायटीने त्यांना सभासद केलं, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नाही, म्हणून दोन्ही मुलांचाही हक्क आहे आणि खरेदीदाराच्या बँकेचा वकील त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागणार. मुलगा अमेरिकेत असतो. तो २२ डिसेंबरला दोन आठवड्यांसाठी येतोय. पाडव्यापर्यंत थांबलं तर तेच काम वकिलातीतून कुलमुखत्यारपत्र करून, कुरिअरने मागवून करावं लागेल.

हे ऐकल्यावर काकूंनी लेकीला फोन लावला आणि मुलगा येईल त्याच आठवड्यात तिलाही मुंबईला यायला सांगितलं. त्यांच्या बेडरूमबाहेरच्या भिंतीला सोमवारी परांची लागते आहे. शेअर सर्टिफिकेट मात्र अजून सापडलेलं नाही, आज संध्याकाळी काकांचं कपाट आम्ही दोघं मिळून उघडणार आहोत.