खुलासा: पीआयबीचा ‘फेक’ शिक्का म्हणजे बंदीहुकूम नव्हे

‘पीआयबीने फेक म्हटलेली बातमी काढावीच लागते, नाहीतर चॅनेलचं लायसन्स जातं’, हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा आला. तो चुकीचा आहे.

पीआयबी म्हणजे केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय. त्याचा फॅक्ट चेक २०१९पासून चालतो. स्क्रीनशॉटवर लाल अक्षरांत ‘फेक’ असा शिक्का मारतात, म्हणजे सरकार आपली बाजू मांडतं. ती जरूर वाचावी, पण तो आदेश नव्हे. त्याला कायद्याचा दात लावण्याचा प्रयत्न एप्रिल २०२३च्या आयटी नियमांतल्या दुरुस्तीने झाला. तो नियमसुद्धा चॅनेलसाठी नव्हता. केंद्राच्या कारभाराबद्दलची पोस्ट सरकारी कक्षाने खोटी ठरवूनही ती ठेवली, तर लोकांच्या पोस्टसाठी जबाबदार न धरलं जाण्याचं सोशल मीडिया कंपनीचं कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार होतं. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४मध्ये दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. ‘फेक, खोटं, दिशाभूल करणारं’ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्याच नव्हती. आणि आपल्याच कारभाराबद्दल खरं-खोटं सरकारनेच ठरवायचं? मला हे तेव्हाही पटलं नव्हतं.

चॅनेलवर दबाव येत नाही, असं मात्र मुळीच नाही. केबल टीव्ही कायद्याचा प्रोग्राम कोड, म्हणजे काय दाखवू नये याचे नियम, आहेच, आणि त्यात ‘अर्धसत्य’ दाखवायलाही मनाई आहे. केरळच्या मीडियावन या वृत्तवाहिनीचा परवाना केंद्राने २०२२मध्ये सुरक्षेचं कारण देऊन अडवला. कारणं बंद लिफाफ्यात, चॅनेललाही दाखवली नाहीत. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली.

मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हेही टाका.