परदेशातून : हेरियटच्या शाळेचा दाखला देणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात आमच्या दहावीच्या ग्रुपवर पुन्हा आरटीई निघालं, म्हणजे खासगी शाळांत गरीब मुलांसाठी पंचवीस टक्के जागा राखायचा शिक्षण हक्क कायदा. एका वर्गमित्राने लिहिलं, "परदेशात बघा, पैसे भरेल त्याचंच पोर खासगी शाळेत जातं. पंचवीस टक्के फुकट्यांची सक्ती फक्त आपल्याकडे." वर मलाच विचारलं, "तुमच्या एडिनबरातली ती किल्ल्यासारखी शाळा, जॉर्ज हेरियट्स, घेईल का असली पोरं?"

घेते. तिची सुरुवातच असल्या पोरांपासून झाली.

जॉर्ज हेरियट हा स्कॉटलंडचा राजा सहाव्या जेम्सचा सोनार. १६२४ मध्ये तो लंडनमध्ये वारला आणि सुमारे २३ हजार पौंड एडिनबरातल्या बाप नसलेल्या गरीब मुलांच्या शिक्षणासाठी ठेवून गेला. १६२८ मध्ये बांधकाम सुरू झालं. मध्येच इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या फौजेने तिथे जखमी शिपाई ठेवले, त्यामुळे शाळा भरायला १६५९ उजाडलं. पहिले विद्यार्थी तीस. चौकात कमानीवर हेरियटचा पुतळा आहे. खालच्या लॅटिन ओळीचा भाव असा, की हा पुतळा माझ्या देहाचा आणि ही वास्तू माझ्या मनाची प्रतिमा. दर जूनमध्ये पोरं त्याला फुलांनी सजवतात. आई किंवा वडील गेलेल्या काही मुलांना ही शाळा आजही फी न घेता शिकवते. बाकीच्यांची फी वर्षाला हजारो पौंड, शिवाय जानेवारी २०२५ पासून व्हॅट.

ही झाली कौतुकाची बाजू. पण मला सांगायचंय ते मधल्या काळाबद्दल. हेरियटच्या पैशाच्या ट्रस्टच्या जमिनींवर शहर वाढलं, उत्पन्न फुगलं. १८३६ च्या कायद्याने परवानगी मिळाल्यावर त्या पैशातून एडिनबराच्या गरीब वस्त्यांत मोफत शाळा निघाल्या आणि हजारो मुलं शिकली. मग १८८२ चा कायदा आला, १८८५ मध्ये नवी घडी बसली, मोफत शाळा गेल्या आणि मूळ वसतिशाळेची फी घेणारी डे स्कूल झाली. गरिबांचा पैसा मध्यमवर्गाच्या घशात जातोय म्हणून तेव्हा शहरात लोक भांडले. त्याच १८८२ मध्ये जोतीराव फुले इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे सांगत होते, की महसूल भरतो शेतकरी आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्यांवर. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. मला इथे दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते : गरिबाची जागा दात्याच्या किंवा संस्थेच्या मर्जीवर सोडली, की हळूहळू ती दुसऱ्याची होते.

म्हणून कायदा लागतो. स्कॉटलंडने २००५ मध्ये तो केला. धर्मादाय म्हणून सवलती हव्यात तर फी न परवडणाऱ्यांना दार कसं उघडं ठेवता ते दाखवा, असं खासगी शाळांना विचारलं गेलं. काही शाळा त्यात नापास झाल्या आणि त्यांना फीसवलती वाढवाव्या लागल्या. आणि आपल्याकडे? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियमच बदलला, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळा आरटीईच्या जागांतून मोकळी. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत तो रद्द केला, सर्वोच्च न्यायालयानेही रद्दच ठेवला. या मुलांच्या फीपोटी द्यायचे प्रतिपूर्तीचे पैसे सरकार थकवतं ही शाळांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण मग सरकारशी भांडा. सहा वर्षांच्या पोराने काय केलंय?

ग्रुपवर पुढचं उत्तर ठरलेलंच होतं : "तिकडे बसून बोलायला तुझं काय जातं?" ते लागलं. माझी मुलगी इथल्या कॅचमेंटच्या, म्हणजे घराच्या पत्त्यावरून ठरणाऱ्या, सरकारी शाळेत जाते. तिच्या नॅशनल्सच्या, म्हणजे इथल्या शालेय परीक्षेच्या, वर्षी हेरियट्सच्या फीचा तक्ता मीही रात्री उघडून बसलो होतो. या शहरात ओळख झाली की विचारतात, कुठल्या शाळेचा? माझं उत्तर ऐकून समोरच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. कराडची माझी शाळा इथे कुणाच्याच नकाशावर नाही. ती शाळा ज्यांना कळते ती माणसं त्या ग्रुपवर आहेत, म्हणून मी तो सोडत नाही आणि तिथे गप्पही बसत नाही.

आणि 'फुकट्या' म्हणायचं तर तो मीच. मी नादारीवर, म्हणजे गरिबीमुळे फी माफ होऊन, शिकलो. दर जूनमध्ये बाई वर्गात नावं वाचायच्या, उत्पन्नाचा दाखला कुणी आणला नाही त्यांची. वडील तलाठ्याकडे दोन हेलपाटे घालायचे, मग तो गुलाबी कागद दप्तरात यायचा. 'फुकट्यां'चा तो संदेश लिहिणारा वर्गमित्र डॉक्टरांचा मुलगा, तीन वर्षं माझ्याच बाकावर. गणित मी त्याला दाखवायचो, इंग्रजी तो मला. त्याचा दर्जा माझ्यामुळे घसरल्याचं ना त्याच्या घरी कुणाला वाटलं, ना शाळेत.

आता तो पुण्यातल्या एका शाळेच्या पालक समितीवर आहे. त्याला मी एवढंच विचारलंय, तुमच्याकडे आरटीईची मुलं बाकीच्यांच्याच तुकडीत, बाकीच्यांच्याच बाकावर बसतात का? उत्तराची वाट पाहतोय.