काका, सुया लपवून झाल्या आहेत

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया थोडक्यात अशी: सुईनं नशा टोचून घेणाऱ्यांना सरकारी खर्चानं नव्या सुया देणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली, आणि तेही दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यात! त्यापेक्षा गावच्या दवाखान्यात साप चावल्यावरचं इंजेक्शन ठेवा.

सापाच्या इंजेक्शनावर वाद नाही. सोयाबीनच्या वावरात निंदायला गेलेल्या बाईला साप चावला तर तालुक्याला पोचेपर्यंत तिचे काय हाल होतात, आपण दोघंही जाणतो. पण ते या सुयांपायी अडलेलं नाही. सुई काही रुपयांची. एकच सुई अनेकांनी वापरली की एचआयव्ही पसरतो, आणि तो झाला की गोळ्या जन्मभर. त्या २००४ पासून सरकारच फुकट देतं. म्हणजे पैसा तुमचा-माझाच.

सुई नाही मिळाली की पोट्टे आपोआप सोडतील, असं तुम्ही लिहिता. स्कॉटलंडच्या एडिनबर्गमध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हेच झालं. पोलिसांनी सुया जप्त करायचा सपाटा लावला, दुकानदारांनी विकणं थांबवलं. नशा चालूच राहिली, फक्त एकेक सिरिंज कितीतरी जणांत फिरू लागली. पुढं तिथल्या एका दवाखान्यात हेरॉईन टोचून घेणाऱ्यांचं रक्त तपासलं, तर निम्म्यांना एचआयव्ही. जवळच्या ग्लासगोत प्रमाण कितीतरी कमी होतं. आणि हा रोग टोचणाऱ्यापाशी थांबत नाही. त्याच्या बायकोनं तर सुई पाहिलेलीही नसते.

सुया वाटल्यानं नशा वाढते का, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २००४ मध्ये तपासलं. तसा पुरावा मिळाला नाही. आपल्या देशात मणिपूरनं १९९६ मध्येच हा मार्ग धोरणात घेतला. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार असं काम गुन्हा ठरत नाही.

दारूबंदीच्या बाजूचा मीही आहेच. पण १९७४ पासून बंदी आहे म्हणून हातभट्टीची पिऊन पडलेल्याला आपण दवाखान्याच्या दारातून परत पाठवतो का?

विदर्भातल्या खेड्यांत मणिपूर-पंजाबसारखी स्थिती नाही, त्यामुळे गावोगावी केंद्रं उघडा असं मी म्हणतच नाही. ग्रामीण रुग्णालयात एचआयव्ही तपासणी होते, तिथंच एक कपाट पुरे. जुनी सुई द्यायची, नवी न्यायची. म्हणजे वापरलेल्या सुया नाल्यात पडणार नाहीत, आणि एरवी दवाखान्याची पायरी न चढणारा पोरगा तिथल्या ताईंच्या ओळखीचा होईल. तपासणी, नशेची तलफ आवरायला जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, हे सगळं त्या ओळखीनंतरचं. नुसतं पाकीट हातात देऊन पोराला वाटेला लावणारं केंद्र निघालं, तर त्याच्या विरोधात तुमच्यासोबत मीही आहे.