कंपनीचा बेंच, बागेचा बाक

सर्वप्रथम तुमचं अभिनंदन. गुरुवारी संध्याकाळी साडेचारला कॅलेंडरात 'क्विक कनेक्ट' नावाचं पंधरा मिनिटांचं निमंत्रण यावं, त्यात मॅनेजरबरोबर एचआरच्या एका अनोळखी बाईंचं नाव असावं आणि दोघांचेही कॅमेरे बंद असावेत, हा योग सगळ्यांच्या पत्रिकेत नसतो. मला तो, म्हणजे नोकरी जाण्याचा योग, इंदूरच्या आयटी कंपनीतल्या तेरा वर्षांच्या सेवेनंतर लाभला. तुम्हाला लाभला असेल किंवा लाभायच्या बेतात असेल, तर अनुभवी माणूस म्हणून चार गोष्टी सांगतो. फी नाही. सध्या मी तसाही मोकळाच असतो.

कॉलवर रडारड करू नका. त्या बाईंना त्या दिवशी असे आणखी दहा-बारा कॉल करायचे असतात, त्यांचीही संध्याकाळ आहे. 'हा निर्णय तुमच्या कामावरून घेतलेला नाही' असं त्या म्हणतील. खरंच असतं ते. कामावरून घ्यायचा तर तुम्ही नेमकं काय करता हे कुणाला तरी ठाऊक असायला हवं होतं. ते ठाऊक असणारा कंपनीत एकच, गेले तीन आठवडे तुमच्याकडून केटी घेणारा पोरगा. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. आपल्याला जे येतं ते आपण सांगायचं आणि समोरच्यानं ते वहीत उतरवून घ्यायचं. मी त्याला अगदी मन लावून शिकवलं. मला वाटलं, बढती येतेय, म्हणून अंगावरचं काम काढून घेताहेत. अर्धं बरोबर होतं.

मग राजीनामा. काढणार ते आणि राजीनामा देणार तुम्ही, अशी पद्धत आहे. पोर्टलवर 'सोडण्याचं कारण' या रकान्यात यादी उघडते: उच्च शिक्षण, विवाह, प्रकृती, अधिक चांगली संधी. 'तुम्हीच तर काढलंत' हा पर्याय मी बराच वेळ वर-खाली करून शोधला. शेवटी 'विवाह' निवडला. मी अडतीस वर्षांचा, मुलगी सातवीत. पण पोर्टलनं हरकत घेतली नाही. बायकोनं घेतली.

तेव्हा सही लगेच करून टाका. दोन दिवसांची मुदत मागितलीत, कागद एखाद्या वकिलाला दाखवलेत, तर उगाच डोक्यात भरेल की छाटणी झालेल्या कामगाराला कायद्यानं नोटीस मिळते, वर दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मिळतो, आणि स्वतःहून राजीनामा लिहून देणाऱ्याला यातलं काही मागायची सोय उरत नाही. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा हेच सांगत आला. पण तो पडला कामगारांसाठी. तुम्ही कुठले कामगार? तुमच्या सहीखाली 'सीनियर टेक्निकल लीड' असतं. पगार न वाढवता पदं का वाढवतात ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या हाताखाली माणूस एकही नव्हता. एक प्रिंटर होता, तोही नेटवर्कवरचा. कोर्ट म्हणे पदाचं नाव बघत नाही, प्रत्यक्षातलं काम बघतं. पण तेवढ्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? आपण इंदूरचे, आपल्याला सकाळी पोहे खायचे असतात.

ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी मिळते, पाच वर्षं भरलेली असली तर. नोव्हेंबर २०२५ च्या आधीचा हिशेब असा होता: शेवटचा बेसिक पगार, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. यात 'बेसिक' हा शब्द आला की आपली पगाराची जुनी चिठ्ठी काढून बघा. इतकी वर्षं भत्तेच भत्ते का होते, त्याचाही उलगडा होईल.

नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाला फुल अँड फायनल म्हणतात. माझ्या हिशेबात आयकार्डाच्या पट्ट्याचे दोनशे रुपये कापले होते. कार्ड जमा केलं होतं, पट्टा खिशातच राहिला होता. प्रामाणिकपणे परत करायला गेलो, तर गेटवरचा गार्ड म्हणाला, "आयकार्ड के बिना अंदर नहीं जा सकते, भिया." पट्टा अजून माझ्याकडे आहे. दोनशे रुपयांत विकत घेतलेला आहे म्हणा ना.

पैसे ४५ दिवसांत येतील असं पत्रात लिहिलेलं असतं. नाही आले तर आपलं गाव आठवा. इथली हुकूमचंद मिल १९९२ मध्ये बंद पडली. सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यांचा २२४ कोटींचा चेक निघाला तो २५ डिसेंबर २०२३ ला. दरम्यान कितीतरी जण वाट बघता बघता गेले. एकतीस वर्षांचा फॉलो-अप! आणि तुम्ही सातव्या दिवशी रिमाइंडरचा मेल टाकता, वर 'काइंडली' लिहिता.

पीएफबद्दल फार बोलत नाही. फॉर्म १९ पीएफचा, १०सी पेन्शनचा. पाच वर्षांच्या आत काढलात तर कर लागतो. माझा क्लेम परत आला, कारण आधारवर बाबांच्या नावापुढे 'राव' आहे आणि पीएफच्या नोंदीत नाही. होळकरांच्या वेळेपासून लावत आलेला 'राव' एका रकान्यात अडकला.

आता घर. बायकोला सांगावंच लागतं, कारण पगाराचा मेसेज यायचा बंद झालेला तिला आपल्याआधी कळतो. आई-बाबांना सांगू नका. माझे बाबा बँकेतून रिटायर झाले. त्यांच्या लेखी माणसाची नोकरी जाते ती दोनच कारणांनी, अफरातफर किंवा दारू. तेव्हा रोज सकाळी नऊ दहाला लोकमान्य नगरातून नेहमीसारखं निघायचं, डबा घेऊन, बॅग घेऊन. लॅपटॉप कंपनीचा होता, तो गेला. बॅग फुगलेली दिसावी म्हणून मी आत मुलीचा जुना अ‍ॅटलास आणि छत्री ठेवत असे. आईनं एकदा बॅग उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "काम कमी झालंय का रे? बॅग हलकी लागते." दुसऱ्या दिवसापासून डिक्शनरीही घातली.

निघून जायचं कुठे? कॅफेत बसलात तर एका कॉफीवर दोन तास निघतात, मग पोऱ्या येऊन टेबल पुसायला लागतो, आपण असतानाच. मी विजयनगरचं मेघदूत उपवन निवडलं. आयटीत हाताला प्रोजेक्ट नसलेल्या माणसाला 'बेंचवर आहे' म्हणतात. तिथे पगार चालू असतो. बागेतल्या बाकावर तेवढाच काय तो फरक, आणि हवा चांगली.

उपवनाला हे नाव देणाऱ्याला दूरदृष्टी असणार. कालिदासाचा तो यक्ष म्हणजे कामावरून काढलेलाच माणूस की! कामात हयगय केली म्हणून कुबेरानं त्याला वर्षभरासाठी लांब धाडलं. मग त्यानं काय केलं? सगळा भरवसा क्लाउडवर टाकला. आज आपल्याला क्लाउडची सर्टिफिकेटं करायला सांगणाऱ्यांनी यात नवीन काही सांगितलेलं नाही. शिवाय यक्षाची मुदत ठरलेली होती, वर्षानं परत रुजू. एवढी चांगली ऑफर हल्ली कुबेरही देत नाही.

माझं बिंग फुटलं ते हिरव्या वर्तुळामुळे. लिंक्डइनवर फोटोभोवती 'कामाच्या शोधात' असं सांगणारं वर्तुळ लावता येतं. लावा, जरूर लावा. रिक्रूटर सोडून बाकी सगळ्यांना ते दिसतं. पुण्याच्या चुलतभावानं पाहिलं, त्यानं काकांना सांगितलं, काकांनी बाबांना फोन लावला. संध्याकाळी मी 'ऑफिसातून' आलो तेव्हा बाबा टीव्ही बंद करून बसले होते. त्यांनी एकच विचारलं, "किती होते?" मी म्हटलं, "काय किती?" म्हणाले, "रक्कम."

अफरातफर नाही हे पटवायला रात्रीचे अकरा वाजले. पटल्यावर ते उठून आत गेले आणि वर्तमानपत्राचं एक कात्रण घेऊन आले. जुलै २०२५ ची बातमी, टीसीएस १२ हजारांवर माणसं, म्हणजे सुमारे २ टक्के, कमी करणार असल्याची. मी काही त्या कंपनीत नव्हतो, पण बाबांनी ते कात्रण जपून ठेवलं होतं. आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी दाखवतात, मग चहा विचारतात.

एकदा बातमी फुटली की सल्ले सुरू. पुण्याचे काका म्हणतात, इंदूरला राहिलास इथेच चुकलं, पुण्याला ये. पुण्यातला त्यांचा मुलगा स्वतः सहा महिने घरी आहे, हे मला हिरव्या वर्तुळावरूनच कळलं. आत्या म्हणते, उज्जैनला महाकालाचं दर्शन घेऊन ये. यक्षानंही ढगाला वाट वाकडी करून उज्जैनला जायला सांगितलं होतं, तेव्हा हा सल्ला दीड-दोन हजार वर्षं तरी चालत आलेला आहे. शेजारचे निगमवाले म्हणतात, कोचिंग क्लासवाल्या भंवरकुआला जा, एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची, तयारी कर, ऑफिस तर इथेच आहे. आयोगाचं ऑफिस इंदुरात असल्यामुळे नोकरीही गल्लीतच मिळते, असा आमच्याकडे समज आहे. मी जाऊन आलो. तिथे 'लायब्ररी' म्हणून पाट्या असतात, पण आत पुस्तक एकही नसतं. एसी, वायफाय, चार्जिंगची सोय, आणि महिन्याच्या भाड्यानं एक खुर्ची. म्हणजे ऑफिसच, फक्त पैसे आपण द्यायचे.

आणि पोह्यांची गाडी. इंदूरमध्ये नोकरी गेलेल्या प्रत्येक इंजिनिअरला तिसऱ्या आठवड्यात पोह्यांची गाडी सुचते. मीही एक्सेल शीट केली. कच्चा माल, गॅस, जिलेबीचा वेगळा हिशेब. त्यात एक रकाना राहिला होता, पहाटे चारला उठणे. गाडीवाले कढईभर पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवतात, वाफेवर ते तासन्‌तास मऊ राहतात, वरून शेव, जीरावन मसाला, कच्चा कांदा. मी घरी प्रयोग केला. आईनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "कांदा फोडणीत का नाही घातलास?" म्हटलं, इथे वरूनच घालतात. म्हणाली, "इथे म्हणजे कुठे? हे घर आहे." ब्याऐंशी वर्षांत तिनं इंदूरला पोह्यांच्या बाबतीत तसूभरही जागा दिलेली नाही. स्टार्टअप तिथेच बंद केला.

एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही, म्हणून ती घाईनंच सांगतो. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करू म्हणत होतो, तिला दिवाळीत पाहुण्यांचं करायचं होतं. आता नवीन पॉलिसीत जुन्या दुखण्यांना तीन वर्षांपर्यंत थांबा म्हणतात. तर तुम्हीही ऑपरेशन पुढे ढकला, आणि नोकरी असताना वेगळी पॉलिसी काढून पैसे वाया घालवू नका. मी नव्हते घातले.

मुलाखती येतात. जाहिरातीत जनरेटिव्ह एआयचा पाच वर्षांचा अनुभव मागतात. चॅटजीपीटी लोकांसमोर आला ३० नोव्हेंबर २०२२ ला, ताळा तुम्ही करा. मुलाखत घेणारा पंचविशीतला असतो, मागे गिटार टांगलेली असते. मी तेरा वर्षं एका अमेरिकन विमा कंपनीचं बिलिंग जिवंत ठेवलं. तिथे महिनाअखेरीला एक पैसा कुठे नाहीसा होतो ते फक्त मला माहीत होतं. तो म्हणाला, लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकीला एक जोडलेल्या नोंदींची यादी, उलटी करून दाखवा. हे म्हणजे स्वयंपाकीणबाईंना आधी पाटावर गहू मोजायला बसवणं. केली उलटी, चाळीस मिनिटांत. मग त्यानं विचारलं, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" मी खरं सांगितलं, मेघदूतला. त्याला ते एखाद्या स्टार्टअपचं नाव वाटलं. फंडिंग किती झालं म्हणून विचारत होता.

पंधराशे रुपये 'रिफंडेबल' भरून घरबसल्या नोकरी देणारेही फोन करतील. त्यांच्याशी बोलताना फार बरं वाटतं. इतकी दिवसभरात कुणालाच आपली गरज नसते. बोला, फक्त पैसे भरू नका; भरलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

घरी सगळ्यांना कळलं तरी मी बागेत जातो. घरी दिवसभर कात्रण असतं. माळ्याशी आता ओळख झालीय. परवा तो पाइप ओढत आला आणि म्हणाला, "भिया, इधर पानी छोड़ना है, आप उधर वाली बेंच पे शिफ्ट हो जाओ." नोटीस नाही, काही नाही. झालो शिफ्ट.

तिकडच्या बाकावर एक पोरगा होता. इस्त्रीचा शर्ट, खिशातून निळ्या पट्ट्याचं टोक बाहेर आलेलं, आणि सकाळचे अकरा वाजलेले असताना डबा उघडून बसलेला. पोळी-भाजीच्या वासावरून आणि डब्यातल्या गुळांब्यावरून मराठी घरचा असावा. माझी बॅग पाहिली तसा सरकून बसला. म्हणाला, "सर, तुमचं नोटीस पीरियड की...?"

"तत्काळ," मी म्हटलं.

मग त्याला केटी दिली. ऊन साडेअकराला या बाकावरून सरकतं, तेव्हा कारंज्याकडे जायचं. तिथे मुलं ओरडतात, मुलाखतीचा फोन घ्यायचा तर मागच्या गेटजवळच्या झाडाखाली घ्यायचा. डबा एकच्या आत उघडायचा नाही, मग संध्याकाळ फार लांब होते. बॅगेत वजन ठेवायचं, आया उचलून बघतात. तांबूस कुत्रं येईल, त्याला पोळी द्यायची नाही, सवय लागते.

त्यानं वही काढली आणि सगळं नीट उतरवून घेतलं. पोरगा हुशार आहे. टिकेल.