चांदोलीची मंडाई करू नका

ताडोब्याची वाघीण आमच्या सांगली जिल्ह्यातल्या चांदोलीच्या जंगलात आणून सोडली आणि गावाकडं नवा वाद पेटला. शिराळा-वाळवा पट्ट्यातल्या माझ्या पाहुण्यारावळ्यांचं म्हणणं असं, की दिसत नाही तो वाघ काय कामाचा? त्यापेक्षा सिंगापूरसारखं पार्क काढा, उसातले बिबटे धरून त्यातच टाका, तालुक्याला चार पैसे तरी मिळतील. सिंगापूरचं नाव मध्ये आणलंय म्हणून मला बोलणं भाग आहे. मी इथं राहतो.

सुट्टीत चुलतभाऊ, वहिनी आणि पोरं आली होती, तेव्हा मीच त्यांना खातीब स्टेशनहून शटल बसनं मंडाईला, म्हणजे इथलं प्राणीसंग्रहालय आणि नाइट सफारी आहे त्या भागात, घेऊन गेलो. प्राणीसंग्रहालय उत्तमच आहे. १९७३ साली उघडल्यापासून त्यांनी गजांपेक्षा खंदक आणि झाडी यांच्यावर भर दिला. ओरांगउटान आपल्या डोक्यावरच्या फांद्यांतून, पिल्लू पोटाशी धरून, आरामात पलीकडं जातात. फ्रॅजाइल फॉरेस्ट नावाच्या तिथल्या दालनात वटवाघळं हाताच्या अंतरावर लटकून पपई खात होती, एकाच्या हनुवटीवरनं रस ओघळत होता, आणि धाकटी पोरगी वहिनीचा पदर सोडायला तयार नव्हती. रात्री नाइट सफारीत मलायन वाघ दिसला तसा दादा म्हणाला, "बघ, तिकीट काढलं की वाघ. चांदोलीत आम्ही दिवसभर जीप फिरवली आणि गव्याचं शेण बघून परत आलो."

ते बोलणं माझ्या डोक्यातनं अजून जात नाही. कारण त्या बेटावर एकेकाळी मोकळे वाघ होते. एकोणिसाव्या शतकात मिरी आणि गँबियर (कातडी कमावायला लागणारी वेल) यांच्या मळ्यांसाठी जंगल तोडलं, मग वाघ मळ्यातल्या मजुरांवर पडायला लागले, मग सरकारनं वाघ मारणाऱ्याला बक्षीस लावलं. १९३० च्या सुमारास चुआ चु कांगला शेवटचा वाघ मारला. आज तिथं एचडीबीचे, म्हणजे सरकारी घरांचे, ब्लॉक आहेत आणि वाघ बघायला तिकीट आहे. मिरीच्या जागी ऊस धरा, आणि सांगा मला, आपल्याकडं आत्ता नेमकं काय चाललंय?

आपल्याकडं काय आहे याची गावाला कल्पना नाही, याचा मला संताप येतो. चांदोली आणि कोयना मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, ११६५ चौरस किलोमीटरचा. सिंगापूर हा आख्खा देश साडेसातशेच्याही आत आहे. चांदोलीला २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. तिथली गावं उठली, माणसांनी देव उचलून दुसरीकडं नेले, तेव्हा ते रान राखलं गेलं. आणि इकडं सिंगापूरच्या लोकांनी हायवेमुळं तुटलेले जंगलाचे दोन तुकडे जोडायला २०१३ मध्ये ६२ मीटरचा झाडांचा पूल बांधला, खवल्या मांजरानं आणि साळिंदरानं पलीकडं जावं म्हणून. सिंगापूरचं काही उचलायचंच असेल तर ते उचला. राधानगरीहून वाघ आपल्या पायांनी चांदोलीपर्यंत आलेत. त्यांची वाट मोकळी ठेवा.

बिबट्याचंही तेच. ऊसतोड चालू असताना सरीत पिल्लं सापडतात. तोड थांबते, वनखात्याची माणसं पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात, आणि रात्री मादी येऊन एकेकाला मानगुटीला धरून घेऊन जाते. कोयता खाली ठेवून बाजूला होणारी ती तोडकरी माणसं मला मंडाईच्या कुठल्याही शोपेक्षा मोठी वाटतात.

"तुझं बरं आहे," दादा म्हणतो, "चौदाव्या मजल्यावरनं सांगायला काय जातंय? रात्री दोन वाजता पाणी पाजायला तू येणार आहेस का?" हे लागतं, कारण त्यात खोटं काही नाही. बॅटरी हातात घेऊन उसात तो शिरतो, मी शिरत नाही. पण मग दिवसा थ्री-फेज वीज मागा, शेळ्यांना बंदिस्त गोठे मागा, भरपाई वेळेवर मागा. त्यासाठी मोर्चा काढलात तर मी विमानाचं तिकीट काढून येतो.

आणि एक सांगतो, यात माझा स्वार्थ आहे. इथं ऑफिसात सांगली म्हटलं की कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. हळद सांगून झाली, कृष्णाकाठ सांगून झाला. आमच्या जिल्ह्यात मोकळा वाघ आहे म्हटलं, की माणसं हातातली कोपी (इथली कॉफी) खाली ठेवून ऐकतात. माझं नाव सातबाऱ्यावर आहे; पोरांचं मराठी मात्र आजीशी फोनवर बोलण्यापुरतंच उरलंय. त्यांना गावाला न्यायचं तर ज्याची सर इथं कशालाच नाही असं काहीतरी तिकडं शिल्लक पाहिजे. मंडाई तर त्यांना घरापासून दोन बस बदलल्या की मिळते.